प्रश्न तुमचे : ओला कचरा, कूलर आणि नातवाचे लंगोट

पर्यावरणाला कमी त्रास होईल असं रोजचं जगणं कसं जमवायचं, या विषयावर पत्रं मागवली होती. भरपूर आली. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून फक्त गावं देते. काही पत्रं लांब होती, ती थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघं डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. मे महिन्यात मी हौसेने बाल्कनीत खताचा डबा सुरू केला. जून संपता संपता त्यात पांढऱ्या जाड अळ्या झाल्या, आंबूस वास सुटला, चिलटं देवघरापर्यंत यायला लागली. सासूबाई म्हणतात, घरात घाण साठवायची ही कुठली पद्धत? मी सकाळी ७.१२ची लोकल पकडते, संध्याकाळी आठला घरी येते. डबा बंद करून टाकू का?

उत्तर : बंद करू नका. तुमच्या डब्यात बिघाड एकच झालाय, ओलं जास्त आणि सुकं कमी. मुंबई-ठाण्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झालेल्या बहुतेक डब्यांचं हेच होतं.

भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा यांत पाणी आणि नत्र भरपूर असतं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना सोबत कर्ब लागतो आणि श्वास घ्यायला हवा लागते. दोन्ही मिळतात सुक्या पाल्यातून. ते मिळालं नाही की डब्यात हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात आणि आंबूस वास सुरू होतो. म्हणून नियम साधा ठेवा : एक वाटी ओला कचरा, त्यावर एक वाटी सुकं. पाऊस लागून राहिला असेल तर दीड वाटी. सुकं म्हणजे चुरलेली वाळकी पानं, सुताराकडचा लाकडाचा भुसा (प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो), नारळाच्या शेंड्या किंवा तुकडे केलेला खाकी पुठ्ठा.

आता हाताने करायची परीक्षा सांगते. डब्यातला मूठभर ऐवज घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून पाणी ठिबकलं तर सुकं घाला. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला आणि तळहात नुसता दमट झाला, तर प्रमाण बरोबर आहे. भुसभुशीत होऊन पडला तर पाण्याचा हबका मारा. हातात घ्यायला नको वाटत असेल तर पॉलिथिनची पिशवी हातावर चढवा, पण परीक्षा हातानेच करा. वासावरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

त्या जाड अळ्यांना घाबरू नका. बहुधा त्या काळ्या सोल्जर माशीच्या आहेत. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत हिंडत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. ओलावा कमी झाला की त्यांची संख्या आपोआप घटते. चिलटांसाठी वरचा थर नेहमी सुक्याचा ठेवा, ओलं कधीच उघडं दिसता कामा नये. आमटी, उरलेली पातळ भाजी गाळून फक्त घट्ट भाग टाका. दूध-दही, मासे-मटण या आकाराच्या डब्यात नकोच. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय वर्षभर तशाच राहतात, त्यांनाही बाहेर ठेवा.

सुका पाला पावसाळ्यात कुठून आणायचा? यंदापुरता पुठ्ठा आणि भुसा वापरा. पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा सोसायटीच्या झाडूवाल्या दादांकडून दोन पोती भरून घ्या. नाहीतरी ती पानं कोपऱ्यात जाळली जातात.

सासूबाईंशी वाद घालू नका, वासाची त्यांची तक्रार रास्तच आहे. त्यांच्या लहानपणी घरामागे परसात खड्डा किंवा उकिरडा असणार. तो कसा भरत, वर राख-माती का टाकत, हे त्यांना विचारा. तुमच्या डब्यात काय चुकतंय हे त्या तुमच्याआधी सांगतील. मात्र डबा सांभाळण्याचं काम त्यांच्या गळ्यात घालू नका. तुम्ही दोघी आणि उरलेले दोघं, अशा चौघांत वार वाटून घ्या. मुलगा दहा-बारा वर्षांचा असेल तर सुक्याची वाटी टाकणं त्याचं काम.

एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी विचारलं तर त्यांना कल्याणच्या आधारवाडीची आठवण करून द्या. आसपासच्या लोकांनी तिथला धूर वर्षानुवर्षं सोसला, तेव्हा कुठे २०२१मध्ये ते डम्पिंग ग्राउंड बंद झालं. ढिगाखाली दाबलेला ओला कचरा हवेशिवाय कुजला की मिथेन तयार होतो. तो पेट घेतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणजे तुमच्या बाल्कनीत आलेला वास आणि आधारवाडीचा धूर यांचं कारण एकच : हवा कोंडली. तुम्ही ती वाटीभर भुशाने मोकळी करू शकता, डोंगराएवढ्या ढिगाला ते जमत नाही.

दीड-दोन महिन्यांत डब्याच्या तळाशी काळा, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास असणारा थर दिसेल. तो आधी सासूबाईंच्या हातात द्या आणि तुळशीला घालायला सांगा.

प्रश्न : मी नाशिकला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पर्यावरणपूरक राहायचं ठरवून मी बांबूचा ब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ, नव्या कापडी पिशव्या, लाकडी कंगवा असा संच ऑनलाइन मागवला. बाबा म्हणतात, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. खरंच असं जगणं महाग असतं का?

उत्तर : नाही, स्वस्त असतं. तुमची तळमळ खरी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते : पुढचा संच मागवू नका. घरात आहे ती वस्तू झिजेपर्यंत वापरणं यापेक्षा पर्यावरणपूरक काहीही बाजारात मिळत नाही.

पिशवीचंच बघा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८मध्ये पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कापूस पिकवण्यापासून पिशवी शिवण्यापर्यंत लागणारं पाणी, खतं, वीज असा सगळा भार त्यांनी मोजला. नुसता हवामानावरचा परिणाम बघितला, तर नवी सुती पिशवी पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला किमान ५२ वेळा वापरावी लागते. सगळे परिणाम धरले तर तोच आकडा ७,१०० होतो. प्लास्टिक गटारात अडकतं, गाईच्या पोटात जातं, हे त्या मोजणीत नीट आलेलं नाही, त्यामुळे प्लास्टिक चांगलं असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच, की दर दुकानात फुकट मिळणाऱ्या नव्या कापडी पिशव्यांचा ढीग काही कामाचा नाही. आईच्या विरलेल्या साडीची किंवा बाबांच्या जुन्या पँटची पिशवी शिवून घ्या. तिच्यासाठी नवा कापूस लागत नाही.

मागवलेला ब्रश आता वापरा. त्याचे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात, तेव्हा टाकताना ते पकडीने उपटून मग दांडा खतात टाका. आणि खरा मोठा निर्णय तुमच्या खिशात आहे. मोबाइलमुळे आयुष्यभरात होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो तयार होतानाच झालेला असतो. बॅटरी बदलून तोच फोन आणखी दोन वर्षं वापरलात, तर त्या संचातल्या सगळ्या वस्तूंपेक्षा जास्त साधेल, आणि बाबांनाही पटेल.

प्रश्न : साताऱ्याहून लिहितो. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली. सध्या पर्यावरणाचं वाचन करतो आणि घरात शिस्त लावण्याचा प्रयत्न करतो. पण सूनबाई ऐकत नाहीत. आठ महिन्यांच्या नातवाला दिवसभर डायपर, रोज वॉशिंग मशीन. माझ्या आईने आम्हा पाच भावंडांना एकही डायपर न वापरता वाढवलं. हल्ली रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गाडी लावून चालायला जातो तेव्हा मनात हेच विचार घोळतात. सूनबाईंना कसं समजवावं?

उत्तर : आपल्या पत्रातली कळकळ जाणवली. डायपरबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. त्यात प्लास्टिकचा पडदा असतो, पाणी शोषणारी रसायनं असतात. त्याचं खत होत नाही आणि भंगारवालाही तो घेत नाही.

पण आपल्या मातोश्रींनी पाच मुलं लंगोट-दुपट्यांवर वाढवली तेव्हा ते लंगोट कोण धूत होतं? पहाटे उठून, थंडीत, विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यात त्या स्वतः, नाहीतर घरातली दुसरी एखादी बाई. तो काळ निसर्गाला हलका होता याचं एक कारण त्या बायांचे हात होते, आणि त्या हातांचा हिशेब कुणी ठेवला नाही. आज पर्यावरणपूरक घराच्या नावाने जी कामं सुचवली जातात, म्हणजे कापडी लंगोट, घरी केलेला साबण, रिठ्याचं पाणी, सुकवण्या, कचऱ्याचं वर्गीकरण, ती न बोलता घरातल्या बाईकडे जातात. सूनबाई ऐकत नाहीत असं आपण लिहिता. मला वाटतं त्यांनी ऐकलंय, आणि त्याचं काम कुणाच्या वाट्याला येणार हेही त्यांना कळलंय. या प्रश्नाचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यामुळेच कितीतरी घरांत चांगल्या सवयी चार दिवसांत मोडतात.

तेव्हा समजावू नका, काम हातात घ्या. सूनबाईंना सांगा, दिवसा बाळ घरी असेल तेव्हा कापडी लंगोट, आणि ते मी धुणार. रात्री आणि प्रवासात डायपर राहू दे, आईची झोप महत्त्वाची आहे. घरातलं जुनं मऊ सुती धोतर किंवा साडी असेल तर त्याचे चौकोनी तुकडे करून कडा दुमडून घ्या. शी असेल तर आधी संडासात झटकून, गार पाण्यात खळबळून घ्यायचं, कारण गरम पाण्याने डाग पक्के बसतात. मग साबणाच्या पाण्यात भिजवून मशीनला लावायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. सातारच्या उन्हाएवढं चांगलं जंतुनाशक दुसरं नाही. पावसाळ्यात दमट राहिलेल्या लंगोटांनी बाळाला पुरळ येतं, तेव्हा त्या दिवसांत हट्ट सोडा.

मशीनवर राग धरू नका. कपडे धुताना सर्वांत जास्त वीज पाणी तापवायला जाते. साधं पाणी, पूर्ण भरलेलं मशीन आणि दोरीवर वाळवण, एवढं केलं की मशीन फारसं काही खात नाही. आपली वाळवणाची दोरी हे मोठं धन आहे. पुष्कळ देशांत कपडे वाळवायलासुद्धा वीज जाळतात.

जे डायपर वापरले जातील ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनने मोठा ठिपका काढा. ही पद्धत पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने रुजवली. आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना मी काम करताना बघते. त्या गेटपाशी बसून प्रत्येक पिशवी सोडतात आणि उघड्या हाताने चाचपून सुका ऐवज वेगळा करतात : दुधाच्या पिशव्या इकडे, पुठ्ठा तिकडे. त्याच चाचपण्यात कुणाचा डायपर, कुणाचं सॅनिटरी पॅड, कुणाचं दाढीचं पातं हाताला लागतं. लाल ठिपका दिसला की त्या ती पुडी न उघडता बाजूला ठेवतात. घरातली दहा सेकंदं त्यांच्या दिवसात किती मोलाची आहेत, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

आणि सकाळचं फिरणं घरापासूनच सुरू करता आलं तर बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गुडघे साथ देत नसतील तर गोष्ट वेगळी. साथ देत असतील, तर गाडीची किल्ली खुंटीला राहिलेली सूनबाईंना दिसेल, आणि मग कदाचित काही समजवावं लागणारच नाही.

प्रश्न : नागपूरला आमचं स्वतःचं घर आहे, वर स्लॅब. इतकी वर्षं वाळ्याच्या ताट्यांचा कूलर वापरला. आता मुलं एसी मागतात. एसी घेतला तर अपराधी वाटेल आणि नाही घेतला तर मेमध्ये सासऱ्यांचे हाल बघवत नाहीत. काय करू?

उत्तर : ४५ अंशांच्या पुढे पारा जाणाऱ्या गावात वयस्क माणसाला गारवा देणं हा अपराध नाही. उष्माघाताने माणसं दगावतात. अपराधी वाटून घेऊ नका.

फक्त क्रम ठरवा. आधी स्लॅब. त्यावर चुन्याचे किंवा उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात मार्चमध्येच द्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो, तुमच्या घराची खरी भट्टी तीच आहे. मग कूलर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, कारण त्याचं काम पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतं. म्हणूनच जूनमध्ये हवा दमट झाली की तो नुसता चिकचिकाट करतो. कूलरला तासाला साधारण ०.२ युनिट लागतं, दीड टनाचा एसी जोरात चालला तर सव्वा ते दीड. टाकी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

एवढ्यावरही भागलं नाही तर एकाच खोलीत, पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी घ्या आणि ती खोली सासऱ्यांची असू द्या. दुपारच्या कडक वेळेत सगळ्यांनी तिथेच बसायचं. तापमान २६ ठेवून पंखा सुरू ठेवा. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. पंखे बदलायची वेळ आली असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे रोज अर्धं युनिट वाचतं.

तुमच्याकडे स्वतःचं छप्पर आहे, ही मोठी गोष्ट. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छपरावरच्या ३ किलोवॅटच्या सौर संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा. जेव्हा ऊन सर्वांत जास्त, तेव्हाच तुमचा एसी चालतो आणि तेव्हाच वीजही सर्वांत जास्त तयार होते. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची धुराडी, त्यांची राख तुम्हा नागपूरकरांना मी काय सांगणार? तिथे जळणाऱ्या कोळशातला आपला वाटा कमी करायचा हा रस्ता आहे.

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यातल्या वाडीत राहते. घंटागाडी येत नाही. वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्या न्हाणीतल्या चुलीत टाकतो, त्यावर आंघोळीचं पाणी तापतं. जाळलं तर नाहीसं होतं ना?

उत्तर : नाहीसं होत नाही, तुमच्या फुप्फुसात जातं. न्हाणीची चूल बंदिस्त जागेत असते आणि तिच्यापुढे तुम्ही बसता, शेजारी लहान मूल असतं. प्लास्टिक अर्धवट जळताना निघणारा धूर लाकडाच्या धुरापेक्षा वाईट. त्यात पीव्हीसी असेल, म्हणजे पाइपाचा किंवा वायरीच्या वेष्टनाचा तुकडा, तर डायॉक्सिनसारखी कर्करोगकारक विषं तयार होतात. आणि ती चुलीची राख पुढे माडाच्या आळ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात जाते. आजपासून थांबवा, चुलीला सोडणं (नारळाची सालं) आणि झावळ्याच द्या.

दुधाच्या पिशव्यांना भंगारात किंमत आहे. कापताना कोपरा वेगळा तोडू नका, नुसती चीर द्या, धुऊन दोरीला लावा आणि पोत्यात साठवा. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना गिऱ्हाईक नसतं. ती कोरडी करून वेगळ्या पोत्यात ठेवा. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक गोळा करून हाताळण्याच्या केंद्राची तरतूद आहे. ग्रामसभेत हा विषय लेखी द्या : महिन्यातून एकदा वाडीवाडीतून सुकं प्लास्टिक नेणारा टेम्पो. वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो, तेव्हा पैसा नाही हे उत्तर लगेच मान्य करू नका. चार वाड्यांतल्या बचत गटांनी एकत्र अर्ज केला तर वजन पडतं. आणि बाजारात मासळी आणायला जाताना झाकणाचा डबा न्या. काळी पिशवी घरात आलीच नाही तर ती जाळायचा प्रश्न उरत नाही.

प्रश्न : पुण्याहून. शाडूच्या गणपतीचं घरीच बादलीत विसर्जन करतो. ती माती कुंड्यांत टाकली तर झाडं मरगळतात. मग टाकायची कुठे?

उत्तर : टाकायची नाही, परत वापरायची. शाडू ही अतिशय बारीक, चिकट माती. कुंडीत पडली की पाणी झिरपू देत नाही, मुळं गुदमरतात. शिवाय ती बहुतांश गुजरातेतून येते, म्हणजे तिथली जमीन खोदून. बादलीतलं पाणी दोन दिवस निवळू द्या आणि वरचं पाणी अलगद ओतून घ्या. खालचा गाळ जुन्या सुती कापडात बांधून टांगून ठेवा. घट्ट झाला की गोळे करून वाळवा. मूर्तिकाराला विचारून परत द्या किंवा पुढच्या वर्षी मुलांना त्याच मातीचा गणपती करायला द्या. रंग नैसर्गिक असतील तर उत्तमच.

ज्यांच्याकडे यंदा प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आहे, त्यांनी नदीवर नेऊ नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेट वापरून ती घरी विरघळवायची पद्धत काढली आहे आणि पुणे महापालिका ही पावडर विसर्जनाच्या वेळी देत आली आहे. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून बादली गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत ठेवा आणि अधूनमधून ढवळा. तळाशी खडूसारखा साका बसतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, जे खत म्हणून वापरतात. मात्र भरपूर साधं पाणी मिसळूनच झाडांना घाला. निर्माल्यातला दोरा, जरीची तार आणि प्लास्टिकची फुलं काढून बाकीचं खताच्या डब्यात जाऊ द्या. दूर्वा कात्रीने बारीक करा, नाहीतर त्या डब्यातही रुजतात.